अंडी मशीनमध्ये ठेवण्याआधी नरांचं ठरवा

इंदूरहून झाबुआ जेमतेम दीडशे किलोमीटरवर. त्यामुळे इथल्या माणसाने घरी पिल्लं काढायचं मनावर घेतलं की बोलणं कडकनाथ या कोंबडीच्या जातीवर येतंच. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि ज्यांनी कधी कोंबडी हातात धरली नव्हती तेही त्याच्या काळ्या मांसाबद्दल बोलू लागले. अंडी कुठून मागवायची, ती उबवायचं मशीन कोणतं घ्यायचं, पाणी किती ठेवायचं, याची बारीकसारीक चौकशी होते. निघणाऱ्या पिल्लांतली निम्मी नर असणार, आणि चार-पाच महिन्यांनी त्यांचं काय करायचं, हे मात्र पहिली बांग कानावर येईपर्यंत कोणी विचारत नाही. तोवर उशीर झालेला असतो. शेजारी वैतागलेले असतात, खुराड्यात मारामाऱ्या चालू असतात, आणि घरातली मुलं त्याच कोंबड्याला नाव ठेवून बसलेली असतात.

हा प्रश्न मशीनचं बटण दाबण्याआधी सुटलेला असावा, असं मला ठामपणे वाटतं. ज्या जिवाला आपण उबवून जगात आणतो, तो मादी निघाला तर आपला आणि नर निघाला तर दुसऱ्या कोणाचा, असं होत नाही.

आधी हिशोब बघू. कुरिअरने मागवलेली बारा अंडी असतील तर प्रवासात बसलेल्या धक्क्यांनी काहींची हवेची पोकळी सुटलेली असते. अशी अंडी आल्याबरोबर मशीनमध्ये न टाकता निमुळतं टोक खाली करून बारा ते चोवीस तास शांत ठेवावी लागतात. एवढं करूनही निम्म्यांतून पिल्लं निघाली तरी समाधान मानावं. तुमचं नशीब चांगलं आणि आठ पिल्लं निघाली, असं धरू. प्रत्येक पिल्लू नर किंवा मादी असण्याची शक्यता सारखीच. पण याचा अर्थ चार नर आणि चार माद्या असा कोणी घेऊ नये. आठांमध्ये बरोबर चार-चार निघण्याची शक्यता फक्त २७ टक्के आहे. सहा किंवा त्याहून जास्त नर निघण्याची शक्यता साडेचौदा टक्के, म्हणजे आठ-आठ पिल्लं काढणाऱ्या सात घरांपैकी एकाच्या वाट्याला हे येणारच. अंडी देणाऱ्या चार कोंबड्या हव्या असतील तर चार नरांचीही सोय हवी, आणि मनाची तयारी सहांची हवी.

हे प्रमाण बदलता येत नाही. माणसांत वडिलांकडून येणारं गुणसूत्र लिंग ठरवतं, पक्ष्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्याकडे दोन्ही झेड, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. बीजांड तयार होताना त्यात झेड गेला की डब्ल्यू, तिथेच निकाल लागला. कवच तर त्यानंतर चढतं. तरीही टोकदार अंड्यात नर आणि गोल अंड्यात मादी, ही समजूत चिवट आहे. एकच कोंबडी महिनोन् महिने जवळजवळ एकाच आकाराची अंडी घालते. आकारावर लिंग ठरत असतं तर तिची सगळी पिल्लं एकाच लिंगाची झाली असती. दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर फिरवणं त्याच जातीचं. तापमानाचंही तसंच. चंबळेतल्या घडियालांच्या घरट्यात वाळू किती तापली यावर नर-मादी ठरतं हे खरं, पण कोंबडीच्या अंड्याला तो नियम लावून मशीन अर्धा अंश कमी-जास्त ठेवणारे नुसतं गर्भांचं नुकसान करतात. पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस हेच बरोबर. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली तरी प्रमाण तेच राहतं. तिची ऊब सर्वोत्तम असते, पण तिलाही निवड करता येत नाही.

मग निदान पहिल्या दिवशी ओळखता येतं का? मोठ्या हॅचरीत येतं. तिथे तीन रीती आहेत आणि तिन्ही घरी निरुपयोगी ठरतात, हे आधीच कळलेलं बरं. पहिली रीत जपानची, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे विकसित झालेली: पिल्लाचं गुदद्वार हलक्या दाबाने उलगडून आतला खसखशीच्या दाण्याएवढा उंचवटा बघायचा. शिकलेला माणूस हे क्षणात करतो. न शिकलेल्याने केलं तर पोटातली बलकाची पिशवी फुटून पिल्लू मरतं. दुसरी रीत पंखांची. पंखावरची मोठी पिसं आणि त्यांना झाकणारी छोटी पिसं यांच्या लांबीत फरक दिसला तर मादी, सारखी असली तर नर. पण हे फक्त अशाच पिल्लांना लागू, ज्यांची आई उशिरा पिसं फुटणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर पिसं फुटणाऱ्या वाणाचा मुद्दाम जुळवलेला असतो. शिवाय पहिल्या एक-दोन दिवसांतच. घरच्या गावरान पिल्लांचे पंख ताणून व्हिडिओशी ताडून बघणं व्यर्थ आहे. तिसरी रीत रंगाची: पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडी आणि बिनपट्ट्याचा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा यांच्या पिल्लांत नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. शुद्ध कडकनाथमध्ये असा कोणताच ठिपका कामी येत नाही.

म्हणजे वाट बघायची, आणि वाट बघताना काय बघायचं ते माहीत असायला हवं. इथे कडकनाथ पाळणाऱ्याची एक खास अडचण आहे. इतर जातींत पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नराचा तुरा वाढतो आणि गुलाबी-लाल होऊ लागतो. तेवढ्यावर बरेच जण अंदाज बांधतात. कडकनाथच्या अंगात काळं रंगद्रव्य कातडीखाली, तुऱ्यात, जिभेवर, पायांवर, हाडांच्या आवरणातही उतरलेलं असतं. झाबुआकडे त्याला कालीमासी म्हणतात ते यामुळेच. त्यामुळे तुरा लाल होण्याची खूणच इथे झाकली जाते. तुरा जांभळट-काळाच राहतो. तेव्हा रंग सोडा, आकार बघा. आठव्या आठवड्याला एकाच वयाची पिल्लं शेजारी-शेजारी धरली की नराच्या तुऱ्याचा बुंधा रुंद आणि दाते उंच दिसतात, चोचीखालचे कल्ले लोंबायला लागलेले असतात, पायांच्या नळ्या जाड असतात. मादीचा तुरा त्या वेळी अजून चोचीच्या मुळाशी एक बारीक कंगोरा असतो.

तरी माझा भरवसा पिसांवर. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात पक्षी हातात घ्यावा, उजेडाकडे पाठ करून धरावा, आणि शेपटीच्या थोडं अलीकडे, जिथे पाठ उतरते, तिथली पिसं बोटाने वर उचलून बघावीत. मादीचं पीस रुंद, टोकाला गोलसर, कडेपर्यंत एकसारखं दाट आणि मंद काळं असतं. नराची तिथे नुकतीच निघालेली पिसं अरुंद, लांबट, टोकाला निमुळती. कडेचे तंतू मोकळे सुटलेले, त्यामुळे पिसाला झालर लावल्यासारखी दिसते, आणि उन्हात त्यावर हिरवट-निळी झाक येते. सोनेरी छटेच्या कडकनाथमध्ये मानेवरची पिसं आणखी आधी बोलतात. असं एक टोकदार पीस सापडलं की शंका संपली. मादीला ते येत नाही. त्याच दिवशी पायात रंगीत कडी घालावी, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच गोंधळ.

नर ओळखू आल्यानंतर निर्णयाला हाताशी जास्तीत जास्त दोन महिने असतात. हे दोन महिने वर्षातल्या कुठल्या ऋतूत पडावेत, हे आपल्या हातात आहे, आणि इंदुरात त्याने फार मोठा फरक पडतो.

बहुतेक लोक थंडी ओसरली म्हणून फेब्रुवारीत अंडी ठेवतात. पिल्लं मार्चच्या सुरुवातीला निघतात, ऊब द्यायचा खर्च वाचतो, सगळं सोपं वाटतं. पण नर दहा ते चौदा आठवड्यांचे होऊन आरवू लागतात ते मे-जूनमध्ये. तेव्हा अर्धं शहर खिडक्या उघड्या टाकून झोपलेलं असतं, जुन्या मोहल्ल्यांत तर लोक अजून गच्चीवर अंथरुणं घालतात. जूनमध्ये इथे पावणेसहाच्या आत सूर्य उगवतो आणि कोंबडा त्याच्या बरंच आधी सुरू होतो. त्यातून वाट काढून तो पाच महिन्यांचा होतो जुलै संपताना, आणि तेव्हा त्याला गिऱ्हाईक नसतं. आपला श्रावण आषाढी अमावास्येनंतर लागतो, पण इथल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे पंधरा दिवस आधी. गटारीच्या भरवशावर नर राखून ठेवणाऱ्याला हे लक्षात येत नाही: अर्ध्या गावाने आधीच खाणं सोडलेलं असतं. मग आपला श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. दसऱ्यापर्यंत चार नर सांभाळणं म्हणजे चार तोंडांचं खाणं आणि रोजची भांडणं.

एप्रिल-मेमध्ये तर अंडी ठेवूच नयेत. घरगुती मशीन तापवू शकतं, थंड करू शकत नाही. खोली चाळीस अंशांवर गेली की आतलं तापमान आवरणारं काहीच नसतं, आणि मशीनमध्ये जाण्याआधीच तापलेल्या खोलीत पडून राहिलेल्या अंड्यांत गर्भ अर्धवट वाढायला लागून मरतो. आषाढ-श्रावणात अडचण उलटी. हवाच दमट, त्यामुळे अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही. ४६ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ४० ते साडेचाळीस ग्रॅमवर यायला हवं, आणि पावसाळ्यात ते तसं येत नाही, म्हणून पाण्याची वाटी काढून ठेवावी लागते. पिल्लं निघाली तरी ओल्या भुश्यात रक्ती हगवणीची भीती.

गणपती उठल्यानंतरचे दिवस सगळ्यांत चांगले. सप्टेंबरच्या अखेरीला अंडी ठेवली तर एकविसाव्या दिवशी, ऑक्टोबरच्या मध्यावर पिल्लं. पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या पेटीत, ३३ ते ३५ अंश, नंतर दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी कमी. नोव्हेंबरच्या रात्री गार होईतो पिल्लांना पिसं आलेली असतात. पहिल्या बांगा डिसेंबर-जानेवारीत येतात, तेव्हा खिडक्या बंद आणि सूर्योदय सात वाजून गेल्यावर. पाच महिने भरतात मार्चच्या मध्यावर. होळी ते गुढीपाडवा हा साधारण पंधरवडा नर देण्या-विकण्याला सोयीचा. पाडव्यापासून चैत्री नवरात्र सुरू झालं की पुन्हा मागणी थंडावते आणि उन्हाळाही चढतो. होळीची तिथी दर वर्षी सरकते, म्हणून अंडी ठेवण्याआधी पुढच्या वर्षीचं पंचांग बघून उलटी मोजणी करावी.

आता बांगेबद्दल, कारण तक्रार तिथूनच येते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण सगळ्यांच्या तोंडी आहे. कोंबडं झाकलं म्हणून त्याची बांगही राहत नाही, हे जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. कायम मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही उजाडायच्या वेळेच्या आसपासच आरवत राहिले, कारण वेळ सांगणारं घड्याळ त्यांच्या शरीरातच आहे. त्याच संशोधकांना पुढे असंही आढळलं की कळपात सगळ्यांत वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे उतरत्या क्रमाने त्याच्या मागून. घरच्या माणसाने यातून एक व्यवहाराची गोष्ट घ्यावी: चारांपैकी वरचढ नर दुसरीकडे दिला म्हणून सकाळ शांत होत नाही, दुसरा त्याची जागा घेतो. नर एक असेल तर आवाज खरोखर कमी होतो, कारण उत्तर द्यायला कोणी नसतं.

जवळून मोजली तर बांग शंभर डेसिबलच्या वर जाते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजारच्या काकूंनी तक्रार केली तर त्यांचं चुकत नाही. त्यांची झोप आपल्या हौशीइतकीच महत्त्वाची. उपाय आहेत, पण अर्धेच. रात्री कोंबड्याला लाकडी पेटीत ठेवायचं, जिचं छत एवढंच उंच असावं की त्याला नीट उभं राहता येईल पण मान पूर्ण वर ताणता येणार नाही. मान ताणल्याशिवाय भरघोस बांग निघत नाही. पेटीला खाली आणि वर दोन्हीकडे हवेची भोकं हवीत, आतून काळा पडदा असा लावावा की हवा येईल पण उजेड येणार नाही, आणि सकाळी सातला आठवणीने उघडावी. जानेवारीत हे चालतं. मे महिन्यात इंदुरात बंद पेटीत कोंबडा ठेवणं म्हणजे त्याला मारणंच आहे, तेव्हा पेटी विसरा. गळ्याला बांधायचा वेल्क्रोचा पट्टाही बाजारात मिळतो. पूर्ण वाढलेल्या, शांत कोंबड्याला एक बोट सहज जाईल इतका सैल बांधला तर आवाज दबतो. वाढत्या वयाच्या नराला तो बांधू नये. मान आठवड्या-आठवड्याला जाड होते, पट्टा आवळतो, आणि सकाळी पक्षी मेलेला सापडतो.

एक नर ठेवायचा असेल तर आठ ते दहा माद्या हव्यात. चार माद्यांमागे एक नर असेल तर त्या चौघींच्या पाठीची आणि मानेची पिसं उपटली जातात, कातडी उघडी पडते, पुढे जखमा. आणि अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, हे अजूनही अनेकांना पटत नाही. कोंबडी त्याच्याशिवायही तेवढीच अंडी देते, फक्त ती फळलेली नसतात. ज्या घरात अंडं खातात पण जीव असलेलं नको म्हणतात, तिथे तर नर नसलेलाच बरा. कोंबडा काढून टाकल्यावरही दोन-तीन आठवडे काही अंडी फळलेली येऊ शकतात, एवढं लक्षात ठेवावं.

ठेवायचा तो कोणता? सगळ्यांत मोठा नव्हे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात वागणं बघावं. दाणा दिसल्यावर तो स्वतः न खाता कुटकुट आवाज काढून माद्यांना बोलावतो का, माद्या त्याच्या शेजारी बिनधास्त चरतात का, माणूस जवळ आल्यावर बाजूला होतो की पायावर धावून येतो. धावून येणारा कितीही देखणा असला तरी ठेवू नये. लहान मुलांच्या डोळ्यांची उंची आणि कोंबड्याच्या पायाच्या काट्याची उडी यांत फारसं अंतर नसतं. पायाची बोटं सरळ, छातीचं हाड सरळ, चाल मोकळी. आणि त्याच खेपेच्या माद्यांशी त्याची पैदास करू नये. भाऊ-बहिणींची पिल्लं दोन-तीन पिढ्यांत कमजोर होतात, अंडी फळत नाहीत, फळली तर आत मरतात. म्हणूनच नराची सर्वांत उपयोगी वाट म्हणजे अदलाबदल. दुसऱ्या गावच्या, नात्यात नसलेल्या कळपाला तुमचा चांगला नर द्यायचा आणि त्यांचा आणायचा. झाबुआ, अलिराजपूर, धारकडे शुद्ध कडकनाथ राखणाऱ्यांना बाहेरच्या रक्ताचा चांगला नर हवा असतो. चारांपैकी एखादाच या तोडीचा निघेल, पण त्याला कत्तलीच्या भावात देऊ नये.

बाकीचे नर काही महिने राखायचे असतील तर वेगळं खुराडं करावं, ज्यातून माद्या दिसणार नाहीत. मादी नजरेआड असली की एकाच खेपेचे नर बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात. प्रत्येकाला आत चार चौरस फूट आणि बाहेर दहा, खाण्याची भांडी दोन ठिकाणी, बसायच्या काठ्या वेगवेगळ्या उंचीवर, आणि मध्ये एखादी फळी किंवा टोपली, म्हणजे हरलेल्याला नजरेआड होता येतं. त्यातला एखादा दोन दिवस बाहेर काढून परत सोडला तर कळप त्याला ओळख देत नाही, नव्याने लढाई होते. रक्त दिसलं की लगेच वेगळं करावं, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडिनने धुवावं आणि जखम सुकेपर्यंत परत सोडू नये. लाल डागावर सगळे चोची मारतात.

खाण्यात एक चूक सर्रास होते. माद्या अंड्यावर आल्या की घरात लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य येतं आणि तेच नरांपुढेही टाकलं जातं. लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, ते कवचासाठी. नराला एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडावर जातं, सांध्यांत यूरिक आम्ल साठतं, नर लंगडायला लागतो आणि कोणाला कारण कळत नाही. नर-मादी एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य, द्यावं आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. ज्या मादीला हवा ती खाते. पाच महिन्यांपर्यंत एक नर सहा-सात किलो खाद्य फस्त करतो, हा आकडा अंडी मागवतानाच खर्चात धरावा. मानमोडीची (राणीखेतची) लस नरांनाही: पाचव्या-सातव्या दिवशी लासोटा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या-दहाव्या आठवड्यात आर-टू-बी. तसाही द्यायचाच आहे म्हणून नराची लस वाचवणारे स्वतःच्या माद्यांनाही धोक्यात घालतात. लशीबद्दल, न बऱ्या होणाऱ्या जखमेबद्दल महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येतं. ते इंदूरहून तासाभरावर आहे.

खाण्यासाठी नर वापरणाऱ्या घरांचा प्रश्न त्यांच्यापुरता सरळ आहे, आणि माझ्या मते तो प्रामाणिकही आहे. स्वतः वाढवलेला, उन्हात फिरलेला पक्षी खाणं हे ज्याचा जन्म कुठे झाला ते ठाऊक नाही असा पक्षी खाण्यापेक्षा खाली नाही. पण ते नीट झालं पाहिजे. कोणतंही औषध दिलं असेल तर वेष्टनावर लिहिलेले थांबण्याचे दिवस पूर्ण होऊ द्यावेत. आदल्या रात्री खाणं बंद, पाणी चालू. पक्ष्याला पळवून, घाबरवून पकडू नये. अंधारात बसल्या जागेवरून अलगद उचलावा. हात सरावाचा नसेल तर हे काम परवाना असलेल्या खाटकाकडेच द्यावं. बोथट सुरी आणि कचरणारा हात यांइतकं क्रूर काही नाही. पिसं काढायला पाणी ६२ ते ६५ अंशांचं, साधारण एक मिनिट. उकळत्या पाण्यात कातडी फाटते. मग चोवीस तास फ्रिजमध्ये विसावू द्यावं, नाहीतर मांस ताठर लागतं. कडकनाथचा नर ब्रॉयलरसारखा वीस मिनिटांत शिजत नाही. मंद आचेवर दीड-दोन तास, किंवा कुकरच्या जास्तीच्या शिट्ट्या.

न खाणाऱ्या घरांत प्रश्न खरा अवघड होतो. इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत कोंबड्या अंड्यांसाठी किंवा नुसत्या हौसेने पाळल्या जातात आणि कापणं हा विषय निघत नाही. अशा घरातून नर कोणाला तरी दिला जातो, आणि देताना मारू नका म्हणून वचन घेतलं जातं. घेणारा हो म्हणतो. गावाकडे चार नर खाऊ घालून म्हातारे होईपर्यंत कोणी सांभाळत नाही. भिल्ल घरांत दिवाळीनंतर देवीला कोंबडा देण्याची रीत आहे, पाहुणा आला की कोंबडा शिजतो. त्याच्या घरात त्यात काही गैर नाही. आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून त्याच्याकडून खोटं वदवून घेणं मला पटत नाही. द्यायचा तर मोकळ्या मनाने द्यावा, आणि ते सोसत नसेल तर अंडी मागवू नयेत. मात्र झुंजीसाठी नर शोधणाऱ्याला कधीही देऊ नये. तो चौकशी कशी करतो यावरून ओळखू येतो: वजन आणि पायाचा काटा विचारतो, वंश किंवा वय विचारत नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने कोंबड्यांची झुंज हा गुन्हा आहे.

आणि सोडून देणं तर नाहीच. चोरलच्या वाटेवर, रालामंडल अभयारण्याच्या कडेला, एखाद्या देवळाच्या आवारात नर सोडून येणाऱ्यांना वाटतं की त्याला मोकळं केलं. पाळीव कोंबडा पहिल्या रात्री कुत्र्याच्या किंवा कोल्ह्याच्या तोंडी जातो. त्याच्या अंगावरचा आजार रानपक्ष्यांत जातो तो वेगळाच. २०२० सरताना इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात मेलेले कावळे सापडले होते आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत त्यांच्यात बर्ड फ्लूचा एच-५-एन-८ विषाणू निघाला. रानपक्षी आणि पाळीव पक्षी यांच्यातलं अंतर किती कमी आहे ते तेव्हा सगळ्या शहराने पाहिलं. म्हणूनच अदलाबदलीत आलेला नरही तीन आठवडे वेगळा ठेवून मगच कळपात सोडावा.

बाजारातून पिल्लं आणल्याने नरांचा प्रश्न टळतो असंही नाही, तो फक्त नजरेआड होतो. रस्त्यावर टोपलीत गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं विकतात, ती बहुतेक लेअर हॅचरीत नको असलेले नर असतात. जगभरात अशी कोट्यवधी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली आणि तिथे अंड्यातच लिंग ओळखण्याची यंत्रं आली. आपल्या घरच्या मशीनपर्यंत ती पोहोचलेली नाहीत. मुलांच्या हट्टासाठी रंगीत पिल्लू घेऊ नये. ज्यांना नर नकोच आहेत त्यांनी दहा-बारा आठवड्यांच्या, पिसांवरून मादी म्हणून ओळखलेल्या तलंगा घ्याव्यात. त्या महाग पडतात, पण त्या किमतीत कोणीतरी तुमच्या वाटचे नर सांभाळलेले असतात. विकणाऱ्यासमोरच पाठीवरची पिसं उचलून बघावीत. जाणकार विकणारा त्याला हरकत घेत नाही.

नर दुसऱ्या घरी पाठवायचा दिवस ठरला की आदल्या संध्याकाळी खाद्य थोडं कमी द्यावं, पाणी तोडू नये. पाय बांधून उलटा लटकवून मोटारसायकलवर नेण्याची पद्धत आहे, ती सोडावी. त्या अवस्थेत पक्ष्याला श्वास घेणं जड जातं आणि मांड्या निखळतात. एका नराला एक खोका, तोही त्याला बसता येईल पण फडफडता येणार नाही इतका, चारी बाजूंना बोटभर भोकं, तळाशी भुसा. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघावं, गाडी उभी करून चहाला थांबू नये. सोबत चार-पाच दिवसांचं त्याच्या सवयीचं खाद्य द्यावं, म्हणजे नव्या घरी तो उपाशी बसत नाही, आणि एका कागदावर जन्मतारीख, दिलेल्या लशी, कोणत्या कळपातली अंडी होती आणि तो माणसावर धावतो की नाही, हे लिहून द्यावं.